टास्कबार गेला म्हणजे लॅपटॉप गेला नव्हे

लॅपटॉप सुरू केला आणि खालची पट्टी रिकामी दिसली की बहुतेकांच्या मनात आधी येतो तो व्हायरस. त्यानंतरचं निदान कुणीतरी जाणकार करतो आणि हैदराबादेत ते दखनीत ऐकू येतं : ‘पूरा फॉरमॅट मारना पडता साब!’ सिकंदराबादला पार्कलेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटर या कॉम्प्युटर बाजाराकडे बॅग घेऊन निघण्याआधी घरीच पाच मिनिटं द्या. बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

व्हायरसमुळे आयकॉन जाऊच शकत नाहीत असं नाही, पण तो संशय सर्वांत शेवटी घ्यावा. विंडोज ९५ पासून, म्हणजे ऑगस्ट १९९५ पासून, टास्कबार पडद्यावर आणतो तो एक्सप्लोरर नावाचा प्रोग्रॅम. फोल्डर उघडतो तोही हाच. तो अडकला की पट्टी गोठते, आयकॉन गायब होतात, कधी घड्याळही दिसत नाही. फाइली मात्र जिथल्या तिथेच असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्कबार नसला तरी टास्क मॅनेजर उघडतो. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ म्हणा. पडदा क्षणभर मोकळा होतो आणि पट्टी परत येते. उघडे फोल्डर बंद होतील, पण वर्ड किंवा ब्राउझर चालूच राहतो. घाईत ‘रीस्टार्ट’ऐवजी ‘एंड टास्क’ दाबलं गेलं आणि पडदा काळा पडला, तरी घाबरू नका. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘रन न्यू टास्क’ निवडून ‘एक्सप्लोरर’ टाइप करा.

‘आयकॉन पांढऱ्या कागदासारखा दिसतो, म्हणजे प्रोग्रॅम उडाला.’ हाही गैरसमजच. विंडोज प्रत्येक वेळी चित्र मूळ प्रोग्रॅममधून आणत नाही, एकदा आणलेलं साठवून ठेवते. हा साठा बिघडला की कोरा कागद दिसतो. त्यावर क्लिक करून पाहा. प्रोग्रॅम उघडला तर दोष फक्त चित्राचा. आयकॉन ‘अनपिन’ करून स्टार्ट मेन्यूतून पुन्हा ‘पिन’ करा. अँटिव्हायरसची ढाल दिसत नाही म्हणून संरक्षण बंद पडलं असंही समजू नका. आधी घड्याळाजवळच्या लहान बाणाखाली बघा. विंडोज ११ मध्ये कोणते आयकॉन बाहेर ठेवायचे हे सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार आणि तिथल्या ‘अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’मध्ये ठरवता येतं. आयकॉन डावीकडून मधोमध सरकले असतील तर तो बिघाड नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ती मूळ रचनाच आहे.

मराठी, तेलुगू आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड बाळगणाऱ्या आपल्या मंडळींची तक्रार वेगळी असते : भाषेची खूण नाहीशी झाली, आता मराठी टाइप होणार नाही. होतं. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, खूण दिसो वा न दिसो. ती परत हवी असेल तर ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये ‘डेस्कटॉप लँग्वेज बार’समोरची बरोबरची खूण काढून टाका.

अपवाद बॅटरीच्या आयकॉनचा. तो नाहीसा होण्यामागे कधी खरोखरच यंत्राचा दोष असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘बॅटरीज’खाली बॅटरीची नोंद आहे का पाहा. असेल तर नावात ‘एसीपीआय’ असलेली नोंद ‘अनइन्स्टॉल’ करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा, विंडोज ती स्वतः बसवते. पण काम सेव्ह करून चार्जर काढला आणि लॅपटॉप तत्क्षणी बंद पडला, तर सेटिंग्जशी खेळत बसू नका. तिथे दुकानच गाठायला हवं.

शहरात १९९८ पासून मायक्रोसॉफ्टचं विकास केंद्र आहे, पण गच्चीबावलीच्या त्या आवारातून तुमच्या बिघडलेल्या टास्कबारसाठी कुणी फोन करत नाही. पडद्यावर इशारा आणि खाली फोन नंबर दिसला तर तो बनावटच, कारण मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यांत नंबर नसतो. अशा फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. ‘रजिस्ट्री साफ’ करून देणारी फुकट सॉफ्टवेअरंही लांब ठेवा. त्यांच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर लॅपटॉपवर दुसरं यूजर अकाउंट उघडून बघा. तिथे टास्कबार ठीक दिसला तर विंडोज शाबूत आहे, बिघाड तुमच्या अकाउंटपुरता आहे, आणि फॉरमॅटची गरज नाही. तिथेही बिघाड कायम राहिला तरच लॅपटॉप दुकानदाराच्या हाती द्या, पण आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. बिघडलेला टास्कबार फाइली पुसत नाही, फॉरमॅट पुसतो.