पुरस्कारासाठी नाव पाठवायचंय? आधी नियम वाचा



"आमच्या आजी चाळीस वर्षं भारुड म्हणतात, त्यांना कधी पुरस्कार का नाही?" असा प्रश्न गटाच्या बैठकीत पुष्कळदा निघतो. याचं साधं उत्तर असं, की बहुतेक वेळा त्यांचं नाव कुणी पाठवलेलंच नसतं. आणि पाठवलं तरी सोबत जोडायला कागद नसतो. म्हणून या अंकात गाण्या-वाजवण्याच्या पुरस्कारांच्या अटी बघू या.

सगळ्यात आधी बघायचं, नाव कोणी पाठवायचं? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं आहे. पद्म पुरस्कारासाठी कुणीही कुणाचंही नाव पाठवू शकतं, स्वतःचंसुद्धा. मोठ्या माणसाची ओळख असली पाहिजे असं नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा आणि त्या व्यक्तीनं काय काम केलं ते जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं. "फार गोड गातात" एवढ्यानं भागत नाही. किती वर्षं गातात, कुठं कुठं गायल्या, कुणाला शिकवलं, त्यांच्यामुळं काय टिकलं, हे लिहावं लागतं. या पुरस्कारात पैसे मिळत नाहीत, सनद आणि पदक मिळतं. आणि माणूस गेल्यावर हा पुरस्कार सहसा देत नाहीत. वाईच्या यमुनाबाई वाईकर लावणीच्या थोर गायिका. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७५ मध्ये मिळाला आणि पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाची पंचाण्णव वर्षं उलटल्यावर. एवढं आयुष्य सगळ्यांना लाभत नाही, तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

संगीत नाटक अकादमीची रीत निराळी. तिथं जाणकार आणि कलासंस्था नावं सुचवतात. पस्तिशीच्या आतल्या कलाकाराचा मुख्य पुरस्कारासाठी सहसा विचार होत नाही. तरुणांसाठी त्यांचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे, त्याला चाळीस वर्षांची वयोमर्यादा आहे. आपल्या राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालयही लोककला, तमाशा, शाहिरी, कीर्तन, आदिवासी कला अशा वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी पुरस्कार देतं. तमाशात हयात घालवलेल्यांसाठी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार आहे.

खरं सांगायचं तर आपल्या गावातल्या म्हाताऱ्या कलाकार बाईला शालीपेक्षा महिन्याच्या पैशाची गरज जास्त असते. त्यासाठी राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. हा पुरस्कार नव्हे, पण तो मिळण्यासाठी पात्रता दाखवावी लागते आणि अर्ज आपणच करायचा असतो. वय पन्नास पूर्ण हवं (दिव्यांगांना दहा वर्षांची सूट आहे), कलेत किमान पंधरा वर्षं काम हवं, वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत हवं. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये झाले, आधी अ, ब, क अशी वर्गवारी होती. एक अट मात्र नीट वाचा : दुसरी सरकारी मासिक पेन्शन चालू असेल तर हे मानधन मिळत नाही. निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्या विधवा ताईंनी अर्जाआधी पंचायत समितीत चौकशी करावी. हातातलं आधी बंद करून बसू नका.

आता खरी अडचण. पंधरा वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? सप्ताहाच्या पत्रिकेवर नुसतं "महिला भजनी मंडळ" छापलेलं असतं. बुवांचं नाव असतं, मृदंग वाजवणाऱ्याचं असतं, पण पुढं चाल धरणाऱ्या बाईचं नसतं. वर्तमानपत्रात फोटो येतो, खाली "ग्रामस्थ महिला". तमाशातल्या, गोंधळातल्या बायकांचं नाव फडमालकाच्या नावाखाली झाकलं जातं. त्यात माहेरच्या नावानं गायलेली बाई आधार कार्डावर सासरच्या नावानं असते, मग जुनं प्रशस्तिपत्र तिचंच आहे हे पटवताना नाकी नऊ येतात. अशा वेळी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडतात.

जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह. त्यामुळं कोणती ओवी कुणी गायली ते आज सांगता येतं. आपल्याला एवढं मोठं काम करायला नको. पत्रिका छापायला जाईल तेव्हा गाणाऱ्या बायकांची नावं द्यायला लावा, ती आधार कार्डाप्रमाणेच द्या. जुन्या पत्रिका, कात्रणं, आकाशवाणीची पत्रं, स्पर्धेची प्रमाणपत्रं रद्दीत घालू नका. फोटोमागे तारीख, गाव, कार्यक्रम लिहा. ग्रामसंघाच्या सभेत कुणी गायलं तर इतिवृत्तात नावानिशी नोंद करा. मागच्या तारखेच्या नोंदी मात्र करू नका, एक खोटी सापडली की खऱ्यावरही संशय येतो.

स्पर्धांचे नियम आणखी बारीक अक्षरात असतात. वय कोणत्या तारखेला मोजणार, गाणं पारंपरिक हवं की स्वतः रचलेलं, एकटीनं गायचं की गटानं, आणि गटानं गायलं तर बक्षीस कुणाच्या खात्यावर, हे आधी विचारा. गटाचं बक्षीस एकीच्या खात्यावर आलं की पुढं काय होतं ते आपण सगळ्या जाणतो! वाटणी आधीच ठरवून लिहून ठेवा.

रेकॉर्डिंगची अटही वाचा. "चित्रफितीचे सर्व हक्क आयोजकांकडे" असं लिहिलेल्या कागदावर सही केली, तर ते आपलं गाणं विकू शकतात. कायद्यानं गाणाऱ्यालाही तिच्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क असतो आणि स्वतः रचलेलं गाणं रचणारीचंच असतं. जुनी ओवी सगळ्यांची, पण तुम्ही जोडलेलं नवं कडवं तुमचं. ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.

आणि फोन आला, "तुमची पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणीचे एवढे हजार भरा", तर भरू नका. वर सांगितलेल्या सरकारी पुरस्कारांत निवड झाल्यावर कलाकाराकडून पैसे घेत नाहीत. बँकेत आलेला ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. फोन कुणाला आला ते गटात सांगा, म्हणजे शेजारच्या गावातली दुसरी ताई वाचेल.