जुन्या फोनची किल्ली

भाडेकरू घर सोडून जाऊ लागला, म्हणजे घरमालक त्याच्याकडून किल्ली मागून घेतो. ऑनलाइन खात्याचेही तसेच आहे. फोनवर परवलीचा शब्द देऊन खाते एकदा उघडले, की दूरचा संगणक त्या फोनला एक गुप्त खूण देतो. ती खूण हीच त्याची किल्ली; मग परवलीचा शब्द सहसा पुन्हा विचारला जात नाही.

फोनची काच फुटली, तरी आतील खूण बहुधा शाबूत असते. तो दुरुस्त होऊन परक्या हाती पडला, तर घरची पत्रे व छायाचित्रे उघडी पडण्याचा धोका असतो.

गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात अशा यंत्रांची यादी असते. दुसऱ्या फोनवरून ती पाहावी, जुने यंत्र निवडावे आणि ‘साइन आउट’ करावे. त्यामुळे ती खूण रद्द होते. यादीत अनोळखी यंत्र आढळल्यास परवलीचा शब्दही बदलावा. वस्तू टाकावी; पण तिच्याजवळची किल्ली आधी परत घ्यावी.