विश्लेषण : दारासिंग-किंगकाँगच्या ‘फ्रीस्टाइल’ची जादू का ओसरली?

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा गाजलेला शेवट पनवेल तालुक्यातील आपटा रेल्वे स्थानकावर चित्रित झाला. (स्थानकाच्या नावाची कुस्तीशौकिनांना गंमत वाटावी!) १९९५ मध्ये आलेल्या या चित्रपटाचा सडपातळ नायक फलाटावर मार खातो आणि तरीही प्रेक्षकांचा लाडका ठरतो. त्याआधी ३२ वर्षे, ‘फौलाद’ (१९६३) चित्रपटात नायक होते दारासिंग. सहा फुटांहून उंच, भरभक्कम अंगाचे पैलवान. साठच्या दशकात नायक असा चालत होता, कारण त्याला आधी कुस्तीच्या रिंगणात पाहायला लोक तिकीट काढत होते. ती गर्दी पुढे कुठे गेली?

हे ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे काय होते?

फ्रीस्टाइल हा ऑलिम्पिकमधील कुस्तीप्रकारही आहे. पण पन्नास-साठच्या दशकांत मुंबईकरांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ वेगळा होता. दोरखंडांच्या रिंगणात, तिकीट लावून होणारी व्यावसायिक झुंज. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या झुंजी रंगत. एका बाजूला अमृतसर जिल्ह्यातील खेड्यातून आलेले देखणे दारासिंग, तर दुसऱ्या बाजूला दाढीवाला, २०० किलोंच्या घरातला, डरकाळ्या फोडणारा किंगकाँग. त्याचे खरे नाव एमिल झाया. आपला कोण आणि राक्षस कोण, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही न सांगता कळे. १९६८ मध्ये मुंबईतच दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले आणि ते जगज्जेते म्हणून मिरवले गेले.

सगळे आधीच ठरलेले असायचे का?

कुजबुज तेव्हाही होती. निकाल आधी ठरवून खेळलेल्या लढतीला आखाड्यात ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. तांबड्या मातीत घाम गाळणाऱ्या, चितपटीशिवाय निकाल न मानणाऱ्या तालमींना रिंगणातला हा तमाशा कसा पटावा? आज ‘नुरा कुस्ती’ राजकीय स्तंभांत भेटते आणि गल्लीतल्या मारामारीची बातमी ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ अशा मथळ्याने येते. झुंजी गेल्या, शब्द राहिले.

पण केवळ संशयाने ही लोकप्रियता संपली, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ने न्यू जर्सी राज्यापुढे स्वतःच कबूल केले, की आमचा खेळ हे मनोरंजन आहे. क्रीडा आयोगाचे निर्बंध आणि कर टाळण्यासाठी हे करावे लागले होते. त्यानंतर कंपनी बुडाली नाही, उलट वाढली.

मग नेमके काय बदलले?

पाहण्याची पद्धत. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधी किंगकाँग पाहायचा तर स्टेडियम गाठावे लागे. नाही तर पाहून आलेल्याकडून वर्णन ऐकावे लागे. ऐकीव वर्णनात राक्षस दुप्पट मोठा होतो. दहा मिनिटे एकाच पकडीत अडकलेले दोन देह स्टेडियममध्ये श्वास रोखायला लावत, कारण भोवती हजारो माणसे ओरडत असत. तेच दृश्य घरातल्या पडद्यावर, जेवता जेवता पाहिले तर कंटाळवाणे वाटते.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्याबरोबर अंडरटेकर, ब्रेट हार्ट, योकोझुना आले. मल्लाच्या प्रवेशाचे संगीत, माइकवरची धमकी, चेहऱ्याजवळ जाणारा कॅमेरा, आठवड्यागणिक पुढे सरकणारे वैर. शाळेच्या दप्तरात ट्रम्प कार्ड असत आणि कुणाची छाती किती, कुणाचे दंड किती, यावर मधली सुट्टी संपे. ‘खिलाडियों का खिलाडी’त (१९९६) तर अक्षयकुमारसमोर पडद्यावर ‘अंडरटेकर’ उतरला. भूमिका मात्र ब्रायन ली या दुसऱ्याच मल्लाने केली होती. या पिढीला मल्ल बोलकाही हवा होता. बोलणे हे दारासिंगांच्या काळच्या मल्लांचे काम नव्हतेच.

त्यातच १९९३ मध्ये ‘यूएफसी’ सुरू झाली. ‘खरोखर कोण जिंकेल?’ या प्रश्नाचे उत्तर ती रोकडे देऊ लागली. खरेपणाचा दावा तिकडे गेला, नाट्य ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’कडे राहिले. जुन्या मल्लांकडे दोन्ही अर्धे अर्धे होते.

दारासिंग मात्र कसे टिकले?

रिंगणाबाहेर पडून. ‘किंगकाँग’ (१९६२) चित्रपटापासून ते पडद्यावर नायक झाले, मुमताजबरोबर त्यांची जोडी जमली. १९८३ मध्ये त्यांनी कुस्तीला निरोप दिला आणि १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या ‘रामायण’मधील हनुमान म्हणून ते घराघरांत पोहोचले. त्यांची एकही कुस्ती न पाहिलेली मुलेही त्यांना ओळखू लागली. २००३ मध्ये ते राज्यसभेत गेले. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. किंगकाँगला ही संधी मिळाली नाही. १९७० मध्ये मोटार अपघातानंतर तो गेला.

नव्या काळातले मल्ल तरी टिकले का?

तेही नाही. ऐंशीच्या दशकात मुलांना ‘प्रार्थना करा, जीवनसत्त्वे घ्या’ असे सांगणारा हल्क होगन १९९६ पर्यंत प्रेक्षकांना इतका गुळगुळीत वाटू लागला होता, की त्याला खलनायक व्हावे लागले. तेव्हा ते फळले. पुढे २०१५ मध्ये त्याचे वर्णद्वेषी उद्गार उघड झाले, ते अनेकांनी माफ केले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर आले, तेव्हा पहिल्याच भागात लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षी जुलैमध्ये, ७१व्या वर्षी त्याचे निधन झाले.