पंचांग, पर्जन्य आणि आंतरजालावरील खरेदी

व्यापाराच्या आकड्यांतून हंगामी चढउतार वेगळे काढावेत आणि जे उरेल त्यावरून वाढ की घट हे ठरवावे, ही रीत अर्थशास्त्रात फार दिवसांपासून रूढ आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९६५ साली पुढे आणलेली ‘एक्स-११’ पद्धत आणि तिच्या पुढील आवृत्त्या ह्यांचे मूळ गृहीतक एकच आहे : दरवर्षी त्याच महिन्यात जे घडते ते हंगामी होय. भारतातील आंतरजालावरील खरेदी ह्या गृहीतकात बसत नाही. तिचा सर्वांत मोठा हंगाम इंग्रजी महिन्यांना नव्हे, तर पंचांगाला बांधलेला आहे.

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे आपले सण इंग्रजी तारखांच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात. आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. लक्ष्मीपूजन २०२१ मध्ये ४ नोव्हेंबरला, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, तर श्रावण अधिक असलेल्या २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते. ज्या अभ्यासकाने २०२२ च्या ऑक्टोबरची २०२३ च्या ऑक्टोबरशी तुलना केली, त्याने वस्तुतः संपूर्ण दिवाळीची तुलना दिवाळीच्या पूर्वतयारीशी केली. त्याला जी घट दिसेल ती गिऱ्हाइकाच्या खिशातील नव्हे, दिनदर्शिकेतील असेल. पाश्चात्त्यांपुढे ईस्टरच्या निमित्ताने हीच अडचण आली होती. त्यांच्या संगणकीय पद्धतींत ईस्टरची दुरुस्ती आयती मिळते. दिवाळीचा चल मात्र संशोधकाला स्वतः तयार करून घालावा लागतो. ईदचा प्रश्न आणखी निराळा आहे. हिजरी गणनेत अधिक मास नसल्यामुळे ती सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते.

पंचांगाचा प्रभाव केवळ सणांच्या दिवसांपुरता नाही. वर्ज्य दिवसांचाही आहे. पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणू नये, असा समज महाराष्ट्रात आणि उत्तरेकडील अनेक प्रांतांत आहे. फ्लिपकार्टने आपला पहिला मोठा सेल ६ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे दसरा उलटल्यावर, ठेवला. त्या दिवशी गर्दीमुळे संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर क्षमा मागितली. पुढील वर्षापासूनच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. २०१५ मध्ये १३ ऑक्टोबर, २०१८ मध्ये १० ऑक्टोबर, २०१९ मध्ये २९ सप्टेंबर हे दिवस फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन ह्या दोघांच्याही सेलच्या प्रारंभाचे, आणि तेच घटस्थापनेचे. २०१६, २०१७ आणि २०२० मध्ये फरक पडला तो फार तर एका दिवसाचा. त्यांपैकी २०२० चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्या वर्षी आश्विन अधिक होता. त्यामुळे पितृपंधरवडा १७ सप्टेंबरला संपूनही घटस्थापना १७ ऑक्टोबरपर्यंत लांबली, आणि सेलही तोवर थांबले.

२०२१ पासून हा मेळ सुटला. त्या वर्षी सेल ३ ऑक्टोबरला सुरू झाले, तर घटस्थापना ७ ला होती. २०२२, २०२३ आणि २०२४ मध्येही सेलचा प्रारंभ पितृपंधरवड्यातच झाला. तेव्हा समाजाची श्रद्धा ढिली झाली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो घाईचा ठरेल. दोन प्रतिस्पर्धी व्यापारी परस्परांच्या आधी दुकान उघडू पाहत असतील, तरीही तारखा अशाच अलीकडे येतील. शिवाय ग्राहक पंधरवड्यात वस्तू पाहून टोपलीत टाकून ठेवतो आणि पैसे नवरात्रात भरतो, हेही संभवते. संकेतस्थळावरील भेटी आणि प्रत्यक्ष मागण्या ह्यांची दैनंदिन, आणि शक्य तर पिनकोडवार, नोंद वेगवेगळी तपासल्याखेरीज ह्यांतील कोणते खरे हे ठरणार नाही. २०२५ मध्ये सेल पुन्हा घटस्थापनेपाशी, २२-२३ सप्टेंबरला आले. परंतु वस्तू व सेवा कराचे नवे दरही २२ सप्टेंबरलाच लागू झाले. एकाच दिवशी दोन कारणे आली की आकडे मुके होतात.

पंचांग निदान आधी छापून मिळते. हवामानाचे तसे नाही. मोसमी पाऊस मुंबईत साधारणतः ११ जूनला पोहोचतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. त्याआधीच्या वर्षीचा उन्हाळा कडक होता आणि वातानुकूलन यंत्रांचा खप मोठा झाला होता. साहजिकच २०२५ च्या एप्रिल-जून तिमाहीत खप घसरला, आणि उत्पादकांनी त्याचे कारण म्हणून अवेळी पावसाकडे बोट दाखवले. येथे एक भेद केला पाहिजे. छत्रीची खरेदी पावसाच्या आगमनाबरोबर अलीकडे सरकते, नाहीशी होत नाही. उन्हाळा आटोपल्यावर न घेतलेले यंत्र मात्र पुढील वर्षावर जाते. मार्था स्टार-मॅक्क्लूअर ह्यांनी २००० साली अमेरिकेतील किरकोळ विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा हवामानाचा परिणाम मासिक आकड्यांत दिसतो, पण तिमाहीत बहुतांशी पुसला जातो, असे त्यांना आढळले. दुकानातील विक्रीसंबंधीचा हा निष्कर्ष आंतरजालाला जसाच्या तसा लावता येत नाही. पावसामुळे दुकान ओस पडते. संकेतस्थळाकडे मात्र घरात अडकलेला माणूस वळतो.

परंतु मुसळधार पावसाच्या दिवशी वाढलेल्या भेटी म्हणजे वाढलेला व्यापार, असे समजणे हीही चूकच. वीज गेली, रस्ते तुंबले, की मागणी नोंदवली जाते आणि माल गोदामात राहतो. कित्येकदा ती मागणी रद्दही होते. तयार अन्न पोचवणारे व्यवसाय अशा वेळी अधिभार लावतात, म्हणजे किंमतही बदलते. ज्या पावसाने ग्राहकाला घरी बसवले, त्याच पावसात दुचाकीवरील मुलाला बाहेर पडावे लागते. तो न निघाल्यामुळे ‘सेवा उपलब्ध नाही’ असा संदेश पाहून परत गेलेला ग्राहक भेटींच्या नोंदीत सापडतो, विक्रीच्या नोंदीत सापडत नाही. म्हणून पर्जन्याचा परिणाम मोजताना शहराच्या सरासरी पावसाऐवजी त्या त्या भागातील तासागणिक पर्जन्यमान घ्यावे, आणि भेट, मागणी व पोच ह्या तिन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात.