पहिल्या रडण्याच्या आधी आणि नंतर

एका अंगास शिळफाट्याकडे धावणारी अवजड वाहने आणि दुसऱ्या अंगास संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती यांच्या कात्रीत सापडलेल्या महापे गावात व भोवतालच्या कामगार-वस्त्यांत बाळंतपणाची वार्ता आली, की शेजारणींची पहिली पृच्छा मुलगा की मुलगी अशी असते. परंतु पुढे महिने उलटूनही मूल मान धरीना, बसेना, वळलेल्या मुठी उघडीना झाले, म्हणजे दवाखान्यातल्या केसपेपरवर पहिला प्रश्न निराळाच लिहिला जातो : बाळ जन्मताच रडले होते का?

“उशिरा रडलं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं,” एवढ्या उत्तरावर कुटुंबाची सारी फिर्याद उभी राहते, आणि आरोपी कधी सुईण, कधी डॉक्टर, तर घरच्या कचेरीत बहुधा ती बाळंतीणच ठरते, कारण तिने म्हणे ग्रहणात भाजी चिरली होती! सेरेब्रल पाल्सी, म्हणजे विकसित होत असलेल्या मेंदूस इजा पोहोचून हालचालीवर व शरीराच्या तोलावर कायमचा परिणाम होणे, ही व्याधी हजार जन्मांमागे दोन-तीन बालकांत आढळते. तिचा निवाडा मात्र इतका सरळ नाही. लंडनचे अस्थिशल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये अडलेली प्रसूती, अकाली जन्म आणि जन्मवेळचा श्वासावरोध यांचा संबंध ताठरलेल्या अवयवांशी जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (होय, मनोविश्लेषणवाले तेच) कठीण प्रसूती हे कित्येकदा कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षण असावे अशी शंका काढली. आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनी हजारो बाळंतपणांचे दप्तर तपासून बहुतेक रुग्णांत श्वासावरोध हे मूळ कारण ठरत नाही, असे दाखविले.

म्हणून प्रसूतीची घटका निर्दोष सुटते असे नव्हे. वार वेळेआधी सुटणे, नाळ बाळाच्या आधी बाहेर येणे, गर्भाशय फाटणे, अशा प्रसंगी मेंदूचा प्राणवायू तुटला म्हणजे हिशेब मिनिटांचा असतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील आरोग्यदूत महिलांना न रडलेल्या बाळास श्वास देण्यासह नवजातांची घरोघर शुश्रूषा करण्याचे शिक्षण दिले आणि १९९९ मध्ये तेथील नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तो हिशेब मृत्यूंचा होता, अपंगत्वाचा नव्हे. पण इलाजाला मोठे रुग्णालयच लागते हा समज त्याने मोडला.

अकाली जन्मलेल्या बाळाची कथा आणखी वेगळी. त्याच्या मेंदूतील पोकळ्यांलगतचा शुभ्र भाग फार नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू तेथूनच जात असल्यामुळे अशा मुलांचे पाय हातांपेक्षा अधिक ताठरतात. वेळेआधी कळा सुरू झाल्यास मातेला देण्यात येणारी स्टेरॉइडची व मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने बाळाच्या फुप्फुसांचे व मेंदूचे रक्षण करतात; मात्र त्यासाठी तिने दुखणे अंगावर न काढता वेळेत रुग्णालय गाठावे लागते.

मला सर्वांत खटकते ती कावीळ, कारण तिच्यापासून होणारी इजा बहुतांशी टाळता येते. साधी प्रसूती झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरी जाते, आणि बाळाची कावीळ सामान्यतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे पाचवीच्या पूजेच्या गडबडीत, कळसाला पोहोचते. आजी बाळाला कोवळ्या उन्हात धरते. पण निळ्या दिव्यांखालच्या उपचाराचे काम त्या उन्हाने होत नाही. पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, किंवा दूध ओढीनासे झालेले सुस्त बाळ, यांपैकी काहीही दिसल्यास तडक दवाखाना गाठावा. कारण रक्तातील बिलिरुबिन मेंदूच्या खोल केंद्रांत साचले, की अंगाच्या अनावर हालचाली आणि बहिरेपण दोन्ही पदरी येतात. त्यात महाप्यातली पोटुशी सातव्या-आठव्या महिन्यात मराठवाड्यात माहेरी जाते, तपासणीचे कार्ड मात्र इथल्या खोलीतल्या फळीवर राहते. तिचा रक्तगट आरएच-निगेटिव्ह असल्याची नोंद त्यातच असते. बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास, पुढच्या बाळाला तीव्र कावीळ होऊ नये म्हणून, ७२ तासांच्या आत द्यावयाचे अँटी-डी इंजेक्शन मग कोणाच्या ध्यानी यावे?

इजा झालेली पेशी परतत नाही, तरी मूल शिकते. जन्मवेळी प्राणवायू कमी पडलेल्या मालिनी चिब हिच्या आई, मिठू अलूर, यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. मालिनीने पुढे आत्मचरित्र लिहिले. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीत आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीची नोंद आहे. मात्र दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी व्यायामोपचार खोळंबून ठेवू नयेत : वर्षाच्या आतले मूल सारखा एकच हात वापरीत असेल, तर त्याला डावखुरे म्हणून कौतुक न करता दाखवून आणावे.