स्टिरॉइड : द्यावे की नाही, की किती आणि केव्हा?

आधी ताप येतो, डोळ्यांची आग होते, तोंडात फोड येतात. मग अंगावरची त्वचा पापुद्र्यांसारखी सुटू लागते. स्कॉटलंडमधील त्वचारोगतज्ज्ञ ॲलन लायेल यांनी १९५६ मध्ये या विकाराला ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ हे नाव दिले. त्याचे कारण बहुधा एखादे औषध असते : अपस्मारावरचे कार्बामाझेपिन, गाउटवरचे ॲलोप्युरिनॉल, सल्फा औषधे. औषधाने चेतवलेल्या टी-पेशी स्वतःच्याच त्वचेवर उलटतात.

प्रतिकारशक्ती उलटली असेल तर तिला आवरणारे स्टिरॉइड द्यावे, असे एक बाजू म्हणते. दुसरी विचारते : त्वचेचे कवच गेलेल्या रुग्णाला खरा धोका जंतुसंसर्गाचा, मग त्याची प्रतिकारशक्ती आणखी का दाबायची? १९८६ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्टिरॉइड न दिलेल्या १५ जणांपैकी दोन तृतीयांश वाचले. त्याआधीच्या, स्टिरॉइड दिलेल्या १५ जणांपैकी एक तृतीयांशच. पण हे गट वेगवेगळ्या काळातले होते. पुढे २००८ मध्ये फ्रान्स-जर्मनीतील २८१ रुग्णांच्या अभ्यासात कल स्टिरॉइडच्या बाजूने दिसला, तोही निर्णायक नव्हे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी लवकर सुरू करून थोड्याच दिवसांत थांबवायच्या स्टिरॉइडला जागा दिली आहे.

मला या वादातला सर्वांत बोलका दाखला न्यायालयातला वाटतो. अमेरिकेतून कोलकात्याला आलेल्या अनुराधा साहा यांना १९९८ मध्ये हा विकार झाला. शरीरात हळूहळू उतरणारे, म्हणून एरवी बऱ्याच दिवसांच्या अंतराने द्यायचे स्टिरॉइड त्यांना दिवसातून दोनदा ८० मिलिग्रॅम असे लिहून दिले गेले. पुढे त्यांना मुंबईला हलवले. २८ मे रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्टिरॉइडचे समर्थक आणि विरोधक असे दोन्ही पक्ष विचारात घेतले आणि हा डोस समर्थकांच्या मतातही बसत नाही, असे ठरवले. पूरक शुश्रूषेतील उणिवांवरही बोट ठेवले. २०१३ मध्ये भरपाई ठरली सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये.

म्हणून ‘द्यावे की नाही’ यापेक्षा ‘किती, केव्हा, किती दिवस’ हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. शिवाय दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या गोष्टी आहेतच : संशयित औषध तत्काळ बंद करणे, भाजलेल्या रुग्णासारखी शुश्रूषा, डोळ्यांची काळजी. वाचलेल्या रुग्णाने त्या औषधाचे नाव लिहून जन्मभर जवळ बाळगावे आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावे.