भरसभेंत अडलेलें चित्र

नंदुरबारकरांस ९ सप्टेंबरचें महत्त्व सांगावयास नको. १९४२ सालीं याच दिवशीं तेथील मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पांच जण धारातीर्थीं पडले. शिरीषकुमाराचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें होतें. त्या दिवसाच्या स्मरणार्थ जिल्ह्यांतील एका शाळेनें आमच्या थोरल्या चुलत्यांस, म्हणजे तात्यांस, बोलाविलें. तात्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली त्या दिवसाची हकीकत तेवढी त्यांच्याजवळ उरली होती. आणि तीहि अलीकडे मधूनच हातांतून निसटूं लागलेली. म्हणून घरांतील मुलांनीं चाळीस चित्रांची माळ संगणकावर गुंफून दिली. चित्र दिसलें कीं तात्यांस पुढील गोष्ट आठवे.

घरीं तालीम उत्तम झाली. सभागृहांत पहिलीं सहा चित्रेंहि नीट सरकलीं. सातव्याला रिमोट चालेना. तात्या बटण दाबीत राहिले, दाबतां दाबतां टेबलाकडे सरकले, तों एकदम तीन चित्रें पुढें धांवलीं आणि पाठोपाठ पडदा काळाकुट्ट झाला. कोणा उत्साही गृहस्थानें प्रोजेक्टर बिघडला असें समजून तो बंद केला. झालें! तापलेला दिवा निवल्याखेरीज पुन्हां पेटत नाहीं, हें त्यास ठाऊक नव्हतें. तात्या मात्र अंधारांत उभे, आणि ओठ नुसते हलत आहेत.

मागाहून आम्हीं कारणें शोधलीं. रिमोटचा नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या मागल्या खांचेंत, पत्र्याच्या पेटीआड, टेबलाखालीं बसविलेला होता. हीं यंत्रें बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. वायफायचेंहि पुष्कळसें दळणवळण त्याच वाटेनें चालतें. या लहरी पत्रा अडवितो, आणि पाणी शोषून घेतें. मनुष्यदेह तर बव्हंशीं पाणीच! रिकाम्या दालनांत जें चाललें तें मुलांनीं दालन भरतांच कां अडलें, याचा उलगडा येथें होतो. उपाय दोन हात लांबीच्या यूएसबी तारेचा: रिसीव्हर तिच्या टोंकास जोडून टेबलावर, वक्त्याच्या नजरेसमोर ठेवावा. रिमोटमधील सेल त्याच सकाळीं नवे घालावे.

काळ्या पडद्याचें रहस्य तर हास्यास्पद निघालें. रिमोटवर पडदा मुद्दाम काळा करण्याचें एक बटण असतें. घाईंत बोट त्यावर पडलें. तेंच बटण, अथवा कळफलकावरील 'बी' ही कळ, पुन्हां दाबिली असती तर चित्र तत्काळ परतलें असतें. भलत्याच चित्रावर गेल्यास हव्या त्या चित्राचा क्रमांक टंकून 'एंटर' दाबावें. आणखी एक गोम अशी कीं रिमोट हा केवळ पान पुढें-मागें करणाऱ्या कळांचा दूत होय. संगणकावर मध्येंच एखादी सूचनेची खिडकी उघडून पुढें आली तर आज्ञा तिला पोंचते, आणि चित्रमाळ ढिम्म राहते. अशा वेळीं चित्रावर एकदां क्लिक करावें.

मराठी अक्षरांचें संकट आम्हीं आधींच टाळलें होतें. घरच्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर परक्या संगणकावर अगम्य चिन्हांचा चिवडा होतो. यासाठीं युनिकोडांत लिहावें आणि एक पीडीएफ प्रतहि जवळ ठेवावी.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' दाखवावयास आरंभ केला. काचेवर हातानें रंगविलेलीं तीं चित्रें हातांनींच बदलावीं लागत, आणि जोडीला निवेदन चाले. बदलणारा आणि बोलणारा निराळे, ही त्यांची व्यवस्था आम्हांस फार शहाणपणाची वाटते. रिमोट वक्त्याच्या हातीं देण्याची हौस कोणास सुचली कोण जाणे!

तर त्या दिवशीं दिवा निवेपर्यंत कांहीं मिनिटें गेलीं. पुढल्या रांगेंतील एका मुलीनें विचारलें, "आजोबा, तुमचे वडील तेव्हां कुठें उभे होते?" तात्यांनीं मान वर केली आणि माणिक चौकाच्या कोपऱ्यापासून सारें सांगावयास आरंभ केला. दिवा पेटला तेव्हां चित्र सातवेंच होतें. आम्हीं कळफलकाशीं बसून तें तसेंच राहूं दिलें, कारण तात्या पडद्याकडे पाहतच नव्हते.

यंदाचेंहि आमंत्रण आलें आहे. लांब तार आणली. कळफलकाशीं धाकटी पुतणी बसणार आहे. रिमोट मात्र तात्यांनीं स्वतःजवळच मागितला आहे, सेल काढून.